केळीच्या सुताचे दिवस

१७ जून २०२४, सोमवार

आज मागच्या शेडमध्ये हातमाग उभा राहिला. विणकर नटराज पापनाशमजवळच्या त्याच्या गावाहून सुटे भाग व्हॅनमध्ये घालून घेऊन आला आणि दुपारपर्यंत एकटाच ठोकत बसला. शेडमध्ये यांची स्कूटर होती, ती आज काढली. यांना जाऊन नऊ वर्षं झाली. स्कूटर बाहेर निघताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट शेड एवढी मोठी होती याचंच नवल वाटलं.

तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, पण टाचणवहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. आता नवा उद्योग सुरू होतोय म्हणून ही वही. देवनागरी मला माझ्या वडिलांनी, आप्पांनी, शिकवली. जुने मोडी कागद वाचायची त्यांची नोकरी होती. आज या घरात हे अक्षर वाचणारं दुसरं कोणी नाही. श्रीकरला, माझ्या मुलाला, आमची मराठी समजते, पण उत्तर तमिळमध्ये देतो. सून अखिला कोइमतूरची, आपल्यातलीच, तिकडच्या मराठी घरची, बोलते छान, वाचता मात्र येत नाही. तेव्हा इथं खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की मला भीती वाटते. केळीचा घड उतरवला की खांब शेतात कुजत पडतो, त्या खांबाच्या सोपटातून, म्हणजे थराथरांच्या सालीतून, धागा काढायचा आणि त्याच्या साड्या विणायच्या, ही अखिलाची कल्पना. चेन्नईला ती हेच शिकली. पण ज्या नारेनं, म्हणजे वाखानं, फुलवाली गजरा बांधते, ती अंगावर कोण नेसणार?

श्रीकर मेलबर्नला जाऊन दीड वर्ष होत आलं. अखिलाचे व्हिसाचे कागद अजून येत नाहीत. "कागद येईपर्यंत रिकामी बसून काय करूं, अम्मा?" म्हणाली. म्हणून मी हो म्हटलं. कागद आले की ती जाईलच. माग मग काय करायचा, हे मी तिला विचारलेलं नाही.

२९ जून, शनिवार

बोटं सोलली आहेत. तिरुवैयारूकडच्या बायका फळीवर सोपट ठेवून बोथट पातीनं खरवडतात, मग पांढरी चमकदार नार हाती येते, सावलीत वाळवून आमच्याकडे पाठवतात. ती हातभर, फार तर वावभर लांब. अशी टोकाला टोक बांधत जायची, तेव्हा साडीला पुरेल एवढं सूत होतं. एका साडीला किती गाठी, ते मोजायचं मी सोडून दिलं.

नटराज म्हणाला, "टीचरम्मा, ही नार हट्टी आहे. कोरडी झाली की तुटते. ओलसर ठेवा, प्रेमानं घ्या."

मी म्हटलं, "तीस वर्षं हट्टी पोरी सांभाळल्या. ही काय!"

अखिला हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. किती महिन्यांनी ऐकलं तिचं हसू. माझी गाठ तिनं बोटांवर फिरवून पाहिली. "अम्मा, तुमची गाठ हाताला लागतच नाही. माझ्या कशा टोचतात बघा." मला आत कुठंतरी फार बरं वाटलं. या वयात कोणी शाबासकी देत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

आज तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस. कावेरी दोन्ही काठ भरून चालली आहे. घाटावर ही गर्दी. बायका पाण्याला फुलं, काळे मणी, हळदीकुंकू वाहतात आणि गळ्यातला सौभाग्याचा पिवळा दोरा बदलतात. आमची रीत मुळात वेगळी, पण इतक्या पिढ्या इथं राहून हीही आमची झाली.

अखिलासाठी नवा दोरा मीच आणला होता. पायरीवर बसून हातात दिला तर म्हणाली, "पुढच्या वर्षी, अम्मा. आज डोकं दुखतंय." आणि फुलं माझ्याच हातात देऊन मागे जाऊन उभी राहिली. मी फार आग्रह केला नाही. हल्लीच्या मुलींना या गोष्टी नकोशा वाटतात. दोरा परत आणून देवाजवळ ठेवला आहे.

श्रीकरचा फोन आला. चार मिनिटं बोलला. "अखिलाला देऊं का?" म्हटलं तर, "नको, तिच्याशी मेसेजवर बोलतो," म्हणाला. नवरा-बायको मेसेजवर संसार करतात, नवीन रीत. यांची तर मला पत्रं यायची आणि पत्रात सगळी आंब्याच्या झाडाची विचारपूस.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पहिली साडी वाया गेली. घडी केली त्या रेषेवर चिरली, कागदासारखी.

अखिला रेशीम मिसळू म्हणते. मी म्हटलं उभा ताणा सुती घे, आडवा बाणा केळीचा, मग तुटणार नाही. ती म्हणाली, तुम्हाला कापडातलं काय कळतं, तुम्ही काज-बटणं शिकवलीत. मी म्हटलं, होय, आणि तुझ्या नवऱ्याच्या शिक्षणाला त्याच काज-बटणांनी हातभार लावला. दोघी दिवसभर बोललो नाही. नटराज मान खाली घालून मागाची फणी पुसत बसला.

संध्याकाळी ती कॉफी घेऊन आली. "सुती ताणाच घेऊं," म्हणाली. मग शेजारी बसली आणि एकदम म्हणाली, "अम्मा, तुम्ही भांडता आणि कॉफी पिता. आमच्या घरी भांडण झालं की लोक निघून जातात."

मी म्हटलं, "जाऊन जाऊन कोठें जाणार? घर तर हेंच."

ती उठली. कप विसळायला गेली, ती नळ सोडून उभीच राहिली. पाणी वाया जातं म्हणून मी ओरडले.

१४ सप्टेंबर, शनिवार

अखिला काल तिच्या कसल्याशा कामासाठी वकिलाकडे गेली होती. परदेशचे कागद म्हणजे वकील लागतोच. आल्यावर जेवली नाही. सरळ शेडमध्ये जाऊन गाठी मारत बसली. मीही शेजारी बसले. दोघींनी मिळून दोन चेंडू सूत केलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्र. बाहुल्यांच्या सात पायऱ्या मांडल्या. सर्वांत वरच्या पायरीला यंदा आमच्या तिसऱ्या साडीचं अंथरूण घातलं. तिसरी जमली! तरवडाच्या फुलांचा पिवळा, गूळ आणि लोखंड कुजवून केलेल्या काळ्या रंगाचा काठ. दिव्याच्या उजेडात अशी चमकते की रेशीम मागे पडावं. नेसली की अंगावर सरसर वाजते.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी हात लावून लावून पाहिलं. मग एकीनं विचारलंच, "सूनबाई कधी जाणार नवऱ्याकडे?" अखिला सुंडलाचं, प्रसादाच्या उसळीचं, भांडं घेऊन आत गेली. मी म्हटलं, "माझा उद्योग टाकून ती कशी जाईल?" आणि सगळ्या हसल्या.

आत जाऊन पाहिलं तर रंगाच्या हंड्याजवळ उभी, डोळे लाल. "धूर, अम्मा," म्हणाली. चूल पेटलेली नव्हती. निखारे असतील.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दिवाळी झाली. श्रीकरनं व्हिडिओवर फोन केला. माझ्यासाठी शाल पाठवली आहे, अखिलासाठी काय ते बोलला नाही, तिला वेगळं पाठवलं असेल. घर छान आहे. बोलता बोलता एका बाईचा हात आला आणि त्याच्यासमोर कॉफीचा कप ठेवून गेला. त्यानं फोन पटकन वळवला. "इथं घर वाटून राहतात, अम्मा," म्हणाला. खरंच, तिकडे भाडी फार. बाई शिस्तीची दिसली. कपाखाली बशी होती, साखर तिनं न विचारता तिथंच घातली.

अखिलाला सांगितलं. ती ताणा ओढत होती. "बरं झालं," म्हणाली, "त्याला साखर किती लागते ते कोणाला तरी माहीत आहे." या मुलीचे विनोद मला कधी कळत नाहीत.

५ डिसेंबर, गुरुवार

आज आनंदाचा दिवस! बंगळूरच्या दुकानानं बारा साड्या मागितल्या आहेत. प्रत्येक साडीच्या पदरावर विणकराचं आणि गाठी मारणाऱ्यांचं नाव टाकायचं, असं अखिलानं कबूल करून घेतलं. नटराज स्वतःचं नाव कापडावर पाहायला मिळणार म्हणून लाजला. चाळीस वर्षं विणतोय, साडीवर नाव मात्र नेहमी दुकानाचं.

याहून मोठी बातमी म्हणजे श्रीकर पोंगलला येतो आहे. मी ओरडत शेडमध्ये गेले. अखिलाच्या हातातला मागाचा धोटा खाली पडला. तिला आनंद आवरेना, असं मला आधी वाटलं. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अम्मा, मी नसले तर हें तुम्ही चालवाल ना?"

मी म्हटलं, "जा तू खुशाल नवऱ्याबरोबर. मी आणि नटराज आहोत."

हे लिहिताना मात्र हात थांबला. ती गेली तर सकाळी शेडचं दार कोण उघडेल, असा विचार आला. मुलाचा संसार व्हावा असं आईला वाटायला हवं. मला आज क्षणभर तसं वाटलं नाही. देवा, क्षमा कर.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आला. बारीक झाला आहे. हॉटेलात उतरलाय, म्हणे झोपेच्या वेळा बिघडल्यात, घरात सगळ्यांना त्रास नको. स्वतःच्या घरात त्रास? त्याला शेड दाखवली. "छान आहे," म्हणाला आणि फोन पाहिला. अखिला त्याच्याशी पाहुण्यासारखं बोलते. फार दिवसांनी भेटलं की अवघडल्यासारखं होतंच.

१५ जानेवारी, बुधवार

लिहायला हवं. लिहिल्याशिवाय मी हे उद्या नाकारेन.

काल पोंगल होता. जेवणं झाली. श्रीकर म्हणाला, "अम्मा, मार्चनंतर तू माझ्याकडे ये. हे घर बंद करू."

मी म्हटलं, "दोघं बरोबरच येऊं. अखिलाचे कागद कधी येतात?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू अजून सांगितलं नाहीस?"

अखिला जेवणाची पानं उचलत होती. हातात तशीच धरून उभी राहिली.

"सप्टेंबरमध्ये आपण दोघांनी अर्ज केला," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, अम्माला मी सांगेन."

"तू म्हणाला होतास, तू सांग," ती म्हणाली. "मी हो म्हटलं नव्हतं."

कसला अर्ज, मी विचारलं. मला समजलं होतं तरी विचारलं. घटस्फोटाचा. दोघांच्या संमतीनं. मार्चमध्ये शेवटची तारीख. त्या बाईचं नाव विनुता. तिथंच काम करते. दोन वर्षं झाली.

माझा मुलगा समोर बसला होता. त्याला मी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. नाही दिल्या. तो मला ओळखीचाच वाटेना, रागवायला माणूस आपलं लागतं. जी आपली होती तिच्यावर मी तोंड सोडलं. म्हणाले, "सगळं ठाऊक असून माझ्या घरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, मला मूर्ख बनवलंस. इतके महिने तूं इथं कोणत्या नात्यानं राहिलीस?"

तिनं पानं खाली ठेवली. "तेंच मला कळत नव्हतं, अम्मा," म्हणाली. "वाटायचं, ही साडी होऊं दे, मग सांगेन. मग पुढची. सांगितलं की जावं लागणार होतं."

आणि ती आत गेली. श्रीकर म्हणाला, "अम्मा, चूक तिची नाही." एवढं एकच खरं तो बोलला, तेही उशिरा.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी शेडमध्ये गेले. नटराज सणाची सुट्टी टाकून आला होता, मागणी पुरी करायची म्हणून. मी म्हटलं, "नटराज, तुला माहीत होतं?"

त्यानं हातातला धोटा खाली ठेवला. "सगळ्यांना माहीत होतं, टीचरम्मा. आम्हाला वाटलं, तुम्हालाही आहे. पोरीला घरात ठेवून घ्यायचं म्हणून तुम्ही मुद्दाम विषय काढत नाही. आमच्या गावात बायका तुमचं उदाहरण देतात."

मी तिथंच स्टुलावर बसले. लोकांनी मला जेवढं मोठं समजलं तेवढी मी नव्हते. आणि संधी आली तेव्हा काय बोलले, ते तर या वहीत आहेच.

अखिलाच्या खोलीचं दार दोनदा ठोठावलं. दोनदा तिनं उघडलं. दोनदा मी विचारलं, कॉफी घेतेस का. माफी मागायचे शब्द मला कोणत्याच भाषेत सापडेनात. तिनं दोन्ही वेळा कॉफी घेतली.

१९ जानेवारी, रविवार

श्रीकर काल गेला. मी त्याच्याकडे जाणार नाही, घरही बंद करणार नाही, हे सांगितलं. माझ्या पाया पडला. आशीर्वाद दिला, मुलगाच तो. पण डोक्यावर ठेवलेला हात जड होता.

आज अखिला गेली. कोइमतूरला एका कापड कंपनीत जागा मिळाली आहे. मला वाटलं होतं मी थांबवेन. म्हटलं, "मी जें बोललें तें रागात. राहा तूं. कोणी विचारलं तर सांगेन, माझी सून आहे."

"आणि मार्चनंतर विचारलं तर?"

मी तोंड उघडलं. सून नाही. मुलगी म्हणावं तर तिची आई कोइमतूरला जिवंत आहे. मैत्रीण? माझ्या वयाची बाई आपल्या माजी सुनेला काय म्हणते? आप्पांच्या त्या सगळ्या जुन्या कागदांत कोठें एखादा शब्द असेलही. मला माहीत नाही.

ती थांबली, पुरेसा वेळ थांबली. मग म्हणाली, "राहूं दे, अम्मा. तुम्हाला रोज लोकांना उत्तर द्यायला लागेल. मला तें बघवणार नाही."

सगळ्या साड्यांची मापं, रंगांची कृती, बायकांचे फोन नंबर एका वहीत नीट लिहून ठेवून गेली. तमिळमध्ये, मोठ्या अक्षरात, माझ्या चष्म्याला झेपेल अशा.

८ फेब्रुवारी, शनिवार

नऊ साड्या झाल्या. सकाळी शेडचं दार मीच उघडते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बारावी गेल्या आठवड्यातच मागावरून उतरली. नटराज म्हणाला, पदरावर नावं विणताना अखिलाम्माचंही घालायला हवं होतं, ती मात्र नेहमी नको म्हणायची, मी फक्त डोकं चालवते, हात तुमचे. मी म्हटलं, सगळ्या बारांवर नंतर सुईनं घालते. पाच दिवस लागले. काज-बटणांचा हात अजून चांगला आहे. पार्सल गेलं. तिला फोटो पाठवला. तिनं उत्तरात नुसते जोडलेले हात पाठवले. मेसेजवर माणसं कसं जगतात, मला अजून कळलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज तारीख होती. मला कोणी बोलावलं नव्हतं.

काल नटराजला सांगितलं, उद्या मी नाही. कोठे ते त्यानं विचारलं नाही. सकाळी ऑटो करून कोर्टात गेले. लांब बाकं, प्रत्येकावर दोन्ही टोकांना माणसं आणि मधे रिकामी जागा. अखिला एकटी बसली होती, मांडीवर फाईल. तिचे आईवडील आले नव्हते. वडिलांना लाज वाटते, तिनं नंतर सांगितलं.

दाराशी कारकुनानं अडवलं. "अम्मा, कोण तुम्ही? मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

मी म्हटलं, "मुलीकडची."

"आई का?"

अखिलानं मान वर करून पाहिलं. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. मी जाऊन बसले. कारकुनानं पुन्हा विचारलं नाही.

श्रीकर पडद्यावर आला, मेलबर्नहून. त्याला मी दिसले. क्षणभर त्याला वाटलं असावं, मी त्याच्यासाठी आले आहे, कारण त्यानं हात किंचित वर केला. मग मी कुठं बसले आहे ते त्याच्या ध्यानात आलं आणि हात खाली गेला. तो माझ्या पोटचा आहे. मी त्याच्यावरची नजर काढली नाही, पण जागाही सोडली नाही.

न्यायाधीश बाईंनी दोघांना विचारलं, विचार पक्का आहे ना. त्यानं हो म्हटलं. अखिलानं हो म्हटलं तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला, बर्फासारखा गार. सही झाली. सगळं मिळून दहा मिनिटं. एवढ्या वेळात धोटा फार तर चार बोटं कापड विणतो.

बाहेर आल्यावर मी शेवटी म्हटलं, "पोंगलला जें बोललें, त्याची माफी माग—" ती मधेच म्हणाली, "मागितलीत की, अम्मा. आत बसून."

घरी चल, जेवून जा म्हटलं. नको म्हणाली. नव्या बस स्टँडवर गेलो. कोइमतूरची बस लागलेली होती. खिडकीशी बसली. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात मी येऊन जातें. दोन दिवस."

तिनं खिडकीच्या गजावरच्या माझ्या बोटांवर हात ठेवला. "लगेच नक्को. मला थोडे दिवस तुम्हाला अम्मा म्हणायचं विसरूं द्या. मग या. नाहीतर मला तिथं राहतां येणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

किती दिवस, ते विचारायचं राहिलं. बस वळून गेली. मी तिथंच उभी होते. थोड्या वेळानं त्या जागी कुंभकोणमची बस येऊन थांबली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "चढायचं का, अम्मा?"

मी नाही म्हटलं, आणि चालत घरी आले.